महाडचे तळे आणि आमचे उपदेशपीठ

मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपल्या मराठी उपदेशपीठाला आता परके राहिलेले नाही. विषय शत्रुप्रीतीचा असो, क्षमेचा असो वा अन्यायसहनाचा, मॉन्टगोमेरीच्या बसगाड्या, सेल्माचा पूल किंवा वॉशिंग्टनचा विराट मेळावा यांपैकी एखादा दृष्टांत प्रवचनात हटकून येतो. त्यात गैर काही नाही. परंतु माळव्यात आणि महाराष्ट्रात गेल्या वीसएक वर्षांत जी प्रवचने प्रस्तुत लेखकाच्या कानांवर पडली, त्यांत महाडच्या चवदार तळ्याचा उल्लेख क्वचितच आढळला. हे धारहून लिहिताना विशेष जाणवते. ज्या महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव रामजी आंबेडकर जन्मले, ती आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. सात समुद्रांपलीकडील मोर्चा आपल्याला तपशिलासह ठाऊक, आणि आपल्याच भाषेत घडलेला, आपल्याच लोकांनी काढलेला मोर्चा मात्र आपल्या धर्मचिंतनाच्या कक्षेबाहेर, असे का व्हावे? माहितीचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. कारण ईश्वरविज्ञानविषयक आहे, आणि त्याची चिकित्सा करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम किंग यांच्याकडे वळू. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून एप्रिल १९६३ मध्ये त्यांनी लिहिलेले पत्र आपल्या धर्मविद्यालयांत वाचले जाते. ते कोणाला लिहिले होते, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. अलाबामातील आठ श्वेतवर्णीय धर्माधिकाऱ्यांनी मोर्चे अविवेकी व अकाली असल्याचे जाहीर पत्रक काढले होते. त्यांना हे उत्तर आहे. म्हणजे पत्राचा वाचक पाळकच आहे. १९६५ च्या ७ मार्चला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपल्यावर किंग यांनी साद घातली तीही देशभरच्या धर्मसेवकांना. त्या हाकेला ओ देऊन आलेले जेम्स रीब नावाचे धर्मसेवक मारहाणीत प्राणास मुकले. जोनाथन डॅनियल्स हा धर्मविद्यालयातील विद्यार्थी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, एका कृष्णवर्णीय तरुणीवर रोखलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेऊन, मरण पावला. किंग पाळकांवर रागावतात, त्यांना लाजवतात, त्यांची निर्भर्त्सना करतात. परंतु हे सारे ते पाळकांना उद्देशून करतात. म्हणून त्यांचा कठोर शब्दही आपल्याला एका अर्थी सुखावतो. संदेष्टा आपल्याच घरातला आहे, त्याला आपली गरज आहे, आणि शेवटी विजयही आपल्याच वचनाचा आहे, असा दिलासा त्यातून मिळतो.

महाड असा दिलासा देत नाही.

तेथील हकीकत थोडक्यात आठवू. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या पाण्यापर्यंत जाता आले नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून सारी परिषद उठली, बाजारपेठेतून रांगेने चालत तळ्यावर गेली, आणि बाबासाहेबांपाठोपाठ लोकांनी ते पाणी ओंजळीने प्राशन केले. पुढे काय झाले तेही सर्वश्रुत आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या, आणि तळे १०८ घागरी पाणी उपसून व पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

या मोर्चाकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यात मागणी नव्हती. निवेदन द्यायला कोणी अधिकारी समोर बसलेला नव्हता, आणि धर्ममार्तंडांच्या मनाला पाझर फुटावा अशीही अपेक्षा नव्हती. जो हक्क आधीच आपला आहे तो पावलांनी चालत जाऊन वापरावयाचा, एवढेच त्या चालण्याचे प्रयोजन होते. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी याचा खुलासा केला आहे. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, इतके दिवस ते न पिताही आपण जगलोच. आपणही इतरांसारखीच माणसे आहोत हे स्थापित करण्यासाठी आपण तळ्यावर जातो, असा त्यांचा आशय आहे. त्या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेशी केली. धर्मगुरूंना उद्देशून त्यात काही नाही. आशीर्वादाची विनंती नाही, आणि साद तर नाहीच. एक ख्रिस्ती पाळक हे भाषण वाचताना ओळीमागून ओळी स्वतःसाठी जागा शोधतो व ती त्याला सापडत नाही. माझ्या मते महाडविषयीच्या आपल्या मौनाचे मूळ येथे आहे. ज्या मोर्चात आपल्याला बोलावणे नाही, त्याच्याविषयी काय बोलावे हे आपल्याला ठरवता आलेले नाही.

आणखी एक बाब अवघड आहे. मुसलमानांना व इतर धर्मीयांना त्या तळ्याच्या पाण्यास मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य हिंदूंना. त्या ‘इतर धर्मीयां’त तत्त्वतः आपणही येतो. महाडच्या काठावर आपली जागा, निदान कागदोपत्री, आधीच पाणी पिणाऱ्यांच्या बाजूला होती.

दुसरी परिषद २५ डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाली व त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तो नाताळचा दिवस होता म्हणून त्यात काही ख्रिस्ती संकेत शोधण्याचा मोह आपल्यापैकी काहींना होतो. तो आवरावा. कोणत्याही घटनेला बाप्तिस्मा देऊन आपलीशी करण्याची ही सवय चांगली नव्हे. परिषदेपूर्वीच प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. सत्याग्रहासाठी आलेले लोक पाण्याला हात लावायला उत्सुक होते आणि तसा कौलही परिषदेने दिला होता. पण न्यायालयाचा अवमान करून सरकारला विनाकारण विरोधात ढकलू नये, या विचाराने बाबासाहेबांनी तो स्थगित ठेवला. २७ तारखेस मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, आणि कोणीही पाण्याला स्पर्श न करता परतली.

येथे सेल्माशी जे साम्य आहे त्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष गेल्याचे आढळत नाही. १९६५ च्या ९ मार्चला किंग सुमारे दोन हजार लोकांसह त्याच पुलावर गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि मोर्चा परत फिरवला. तेथेही न्यायालयाचा हुकूम आडवा आला होता, तेथेही तरुण कार्यकर्ते संतापले होते. न्यायालयाने १७ मार्चला परवानगी दिली, २१ ते २५ मार्च या काळात मोर्चा माँटगोमेरीला पोहोचला, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. महाडला मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ चा मार्च उजाडला. तेथे आठ दिवस लागले, येथे नऊ वर्षांहून अधिक. आपल्या प्रवचनांना सेल्मा आवडते याचे एक कारण हेही असावे की तेथे शुभशुक्रवार आणि पुनरुत्थान यांच्यातले अंतर प्रवचनात मावण्याइतके थोडे आहे. तळ्याभोवती तहानलेले फिरून परतलेल्या त्या लोकांचे आध्यात्मिक सामर्थ्य सांगायचे तर वेगळी भाषा लागते. सहनशीलता हा शब्द तेथे पुरत नाही. शिस्त हा शब्द थोडा जवळ जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाविषयी जे लिहून ठेवले, ते त्यांच्या निधनानंतर, महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८९ मध्ये काढलेल्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवरील त्यातील प्रकरण प्रत्येक पाळकाने वाचावे. मिशनांनी शिक्षण व वैद्यकीय सेवा दिली हे ते मान्य करतात. परंतु धर्मांतरिताच्या मनात अन्यायाविरुद्ध उठण्याची जिद्द ख्रिस्ती धर्माने निर्माण केली का, असा प्रश्न विचारून ते नकारार्थी उत्तर देतात. त्यासाठी त्यांनी दिलेले कारण समाजशास्त्रीय नाही, ते थेट आपल्या सिद्धांतशास्त्राला भिडते. तुझी अधोगती तुझ्या स्वतःच्या पापामुळे झाली, असे अस्पृश्याला शिकवले गेले. ती तुझ्याभोवतीच्या दुष्ट समाजरचनेमुळे झाली असे शिकवले गेले नाही. जो स्वतःलाच दोषी मानतो तो रचनेविरुद्ध कसा उभा राहील, असा हा युक्तिवाद आहे.

या आरोपाचे आपण काय केले? बहुधा दुर्लक्ष. काहींनी उत्तर म्हणून मिशनांच्या कामगिरीची यादी दिली आहे. ती यादी खरी आहे, पण अप्रस्तुत आहे. आपल्या परंपरेत दुसरा प्रवाह होता हे मात्र सांगितले पाहिजे. जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध १८५५ मध्ये छापला तो ‘ज्ञानोदया’ने, म्हणजे मिशनच्या नियतकालिकाने. त्या चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या लोकांच्या पापाचा पाढा वाचला नव्हता. तिने पेशवाईतील अन्यायाचा जाब विचारला होता. मराठी ख्रिस्ती पत्रकारितेच्या उगमाशी हा स्वर आहे. तो पुढे क्षीण का झाला, याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावा असा आहे.

सिद्धांताच्या अंगाने पाहता बाबासाहेबांचा आरोप पापाच्या सिद्धांतावर नाही, तर त्याच्या अपुऱ्या शिकवणुकीवर लागू पडतो, असे मला वाटते. पाप प्रत्येकाच्या अंतःकरणात आहे हे आपण शिकवले. पाप वेशीत, पाणवठ्यात, स्मशानभूमीच्या भिंतीत आणि सरकारी नोंदवहीत घर करून राहते, हे आमोस व यशया यांना जितके स्पष्ट होते तितके आपल्या बाप्तिस्मापूर्व पाठांत कधीच स्पष्ट झाले नाही. ज्याच्यावर पाप घडले त्याला आणि ज्याने पाप केले त्याला आपण एकाच ओळीत गुडघे टेकायला लावले. देवासमोर दोघेही पापी, हे खरे. पण त्या खरेपणाच्या आडोशाने त्या दोघांमधील हिशेब कायमचा अनिर्णीत राहिला. भारताच्या कॅथॉलिक धर्माध्यक्ष परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाविषयीचे धोरण जाहीर करून चर्चमध्येही जातिभेद व अस्पृश्यता आहे, हे लेखी मान्य केले. कबुली मोलाची होती. महाडनंतर ती यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

पवित्र शास्त्रात मोर्चाला आधार काय, असे धर्मशिक्षक विचारतात तेव्हा सामान्यतः निर्गमाकडे किंवा झावळ्यांच्या रविवाराकडे बोट दाखवले जाते. माझ्या मते अधिक नेमका उतारा प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. फिलिप्पै येथे पौल व सीला यांच्यावर आरोप काय होता ते पाहावे. ज्यांचा धंदा बुडाला त्यांनी धंद्याचे नावही काढले नाही. हे लोक यहूदी आहेत व आम्हा रोमी लोकांना न शोभणारे आचार शिकवतात, अशी फिर्याद केली. वंशद्वेषाची ही जुनी रीत आहे. चौकशीवाचून फटके मारले गेले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा पौलाने जाण्यास नकार दिला. चारचौघांत मारले, तेव्हा स्वतः येऊन चारचौघांत बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता. तुरुंग ते लुदियेचे घर हे अंतर थोडेच असेल, पण नगराच्या रस्त्यावरून अधिकाऱ्यांसमवेत केलेले ते चालणे नागरी हक्काची जाहीर प्रस्थापना होते. आपण या अध्यायातील भूकंपावर व तुरुंगाधिकाऱ्याच्या तारणावर वर्षानुवर्षे प्रवचने देतो, आणि शेवटची पाच वचने घाईने वाचून पुस्तक मिटतो.

मात्र याच अध्यायात एक दासी आहे. तिच्यातला आत्मा निघाला, मालकांची कमाई बुडाली, आणि तिथून पुढे लूक तिच्याविषयी एक अक्षरही लिहीत नाही. पौलाजवळ रोमी नागरिकत्व होते. तिच्याजवळ काय होते? महाडचा मोर्चा पौलाच्या बाजूने नाही, त्या दासीच्या बाजूने निघालेला मोर्चा आहे. तेथे हक्क सांगणारे लोक असे होते की ज्यांच्या नागरिकत्वावर नगराचा विश्वासच नव्हता. म्हणून महाड हे प्रेषितांच्या कृत्यांचे मराठी उदाहरण म्हणून वापरू नये. त्या अध्यायात जे अपुरे राहिले ते महाडमुळे आपल्या ध्यानात येते, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

अमेरिकेतील वर्णद्वेष आणि आपल्याकडील जात यांची तुलना करावी की नाही, हा वाद जुना आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. आंबेडकरांनी जात म्हणजे वंश हा सिद्धांत स्पष्टपणे खोडून काढला, आणि तरीही १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याची दखल घेतली. १९५९ साली किंग भारतात आले असता केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग प्रथम दुखावले, मग त्यांना ते पटले. ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. डर्बन येथे २००१ मध्ये भरलेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा विषय घ्यावा की नाही यावर भारत सरकार व दलित संघटना यांच्यात बरीच रस्सीखेच झाली. तो शास्त्रीय वाद अभ्यासकांनी जरूर चालवावा. आम्हा धारकरांना मात्र त्याचे उत्तर एका वेगळ्या रीतीने मिळाले. एप्रिल २०१८ मध्ये धारच्या जिल्हा रुग्णालयात पोलीस शिपाई म्हणून निवड झालेल्या तरुणांची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या उघड्या छातीवर पेनाने त्यांचा प्रवर्ग लिहिण्यात आला. शारीरिक निकष प्रवर्गागणिक निराळे असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून हे केले, असा खुलासा झाला. छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली, मानवी हक्क आयोगाने दखल घेतली. जात हा वंश नसेलही. पण ती कातडीवर लिहिता येते, हे आमच्या गावाने पाहिले.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपण कपाळावर क्रूसाची खूण करतो. ती खूण दिसत नाही, आणि छातीवरची दिसते. या दोन खुणांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर बोलताना टाळता येणार नाही. त्याच महिन्याच्या २ तारखेला देशभर दलितांचा बंद झाला होता. अत्याचार प्रतिबंधक कायदा शिथिल करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा तो निषेध होता. निकालाचा दिवस होता २० मार्च, महाडचा. त्या बंदमध्ये आपल्याच राज्यातील ग्वाल्हेर, भिंड व मुरैना येथे माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून तो पूर्ववत केला.

इतके म्हटल्यावर एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. मोर्चा हा स्वतः पवित्र नसतो. महाडला तळे बाटले म्हणून ते शुद्ध करणारेही संघटित होते, त्यांनाही आपण धर्माचे रक्षण करतो असेच वाटत होते. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी करणारा मोठा मेळावा फेब्रुवारी २०२३ मध्ये भोपाळात झाला. झाबुआ-धारच्या भिल्ल ख्रिस्ती कुटुंबांना त्याची धग लागली. रस्त्यावर उतरलेली संख्या हा न्यायाचा पुरावा होऊ शकत नाही. मग फरक कशाने ठरवावा? महाडच्या आधारे एक कसोटी सुचवता येईल. चालणारे लोक स्वतःसाठी जे घेतात ते इतर कोणाचे कमी करून घेतात काय? तळ्यातून ओंजळभर पाणी घेतल्याने कोणाचीही घागर रिकामी झाली नाही. वगळण्यासाठी निघालेला मोर्चा या कसोटीला उतरत नाही.

हीच कसोटी आपल्या मोर्चांनाही लावावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती व मुसलमान आले नाहीत. त्या अन्यायाविरुद्ध आपण अनेकदा रस्त्यावर उतरलो. डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीत अशाच मोर्चावर पाण्याचे फवारे सोडले गेले व दिल्लीचे महाधर्माध्यक्ष अनिल कुटो यांनाही ताब्यात घेण्यात आले. मागणी न्याय्य आहे, त्याबद्दल संदेह नाही. परंतु चर्चचे निशाण घेऊन निघालेले मोर्चे बहुधा आपल्या दर्जासाठी, आपल्या मिळकतींसाठी, आपल्यावरील हल्ल्यांच्या निषेधार्थ असतात. दुसऱ्याच्या पाण्यासाठी निघालेल्या रांगेत मागून चालण्याचा सराव आपल्याला थोडा आहे. उपासनेच्या प्रवेशयात्रेत पुरोहित सर्वांत शेवटी चालतो, पण ती मानाची जागा असते. महाडच्या रांगेत चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी होती. त्यांनी सूचना मांडल्या, ठराव केले, स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला, पण चळवळ कोणाची आहे याविषयी त्यांचा घोटाळा झाला नाही. आपल्या पाळकांसाठी किंग यांच्याइतकाच हा आदर्श उपयोगी आहे, आणि कदाचित अधिक आवाक्यातला आहे.

मध्य प्रदेशात हे बोलणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. १९६८ चा व नंतर २०२१ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, पाड्यावरील प्रार्थनासभेबद्दलची संशयी चौकशी, यांमुळे आपले बरेचसे पाळक आदिवासींच्या कोणत्याही मोर्चापासून चार हात दूर राहणे शहाणपणाचे मानतात. त्या भीतीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण देवास जिल्ह्यात, उदयनगरच्या परिसरात, भगिनी राणी मारिया यांनी भूमिहीनांना सरकारी कर्जयोजनांपर्यंत पोहोचवले, सावकारीला आव्हान दिले, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची धावत्या बसमध्ये हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांच्या मारेकऱ्याला त्यांच्या कुटुंबाने क्षमा केली, त्यांच्या बहिणीने त्याला राखी बांधली. ही कथा खरोखर अपूर्व आहे. तरीही प्रवचनांतून ती ऐकताना असे दिसते की क्षमेचा भाग सविस्तर येतो आणि सावकारीचा भाग एका वाक्यात आटोपतो. किंग यांच्या बाबतीत जे झाले तेच येथे होत आहे. त्यांचे मरण आपण ठेवून घेतो, आणि ज्या हिशेबासाठी ते मरण आले तो हिशेब मागे राहतो.

धार जिल्ह्यातच नर्मदाकाठी चिखलद्याला २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुनर्वसनासाठी उपोषण झाले, मेधा पाटकर यांना पोलिसांनी उचलून नेले, आणि दोन वर्षांनी सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले. महाडला पाणी नाकारले गेले होते. येथे ते लोकांच्या दारात आणून सोडले गेले. दोन्ही ठिकाणी पाण्याविषयीचा निर्णय त्या काठावरच्या माणसांना न विचारता झाला.

पाळकांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पास्काची तारीख कशीही सरकली तरी २० मार्च हा दिवस दरवर्षी उपवासकाळातच येतो. त्रैवार्षिक पाठावलीच्या पहिल्या वर्षी, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान वाचले जाते, म्हणजे महाडच्या दिवसाच्या आगेमागेच. यहूदी व शोमरोनी एकमेकांची भांडी वापरत नाहीत, हे योहान तेथे मुद्दाम सांगतो, आणि आपण ते वाक्य ओलांडून जिवंत पाण्याकडे धाव घेतो. तेथे थोडे थांबावे. पाणी मागणारा येशू आहे, देणारी ती आहे. म्हणजे विटाळ पत्करणारा तो आहे, आणि विहिरीवर हक्क तिचा आहे. तिने त्याला पाणी दिले की नाही, हे योहान सांगत नाही. ती घागर तेथेच टाकून गावात जाते, आणि तिच्या मागून गावचे लोक रस्त्याने चालत विहिरीकडे येतात. तो जमाव शिष्यांना दूरवरून दिसत असताना येशू त्यांना शेताकडे पाहायला सांगतो. बोलावलेले शिष्य त्या वेळी गावातून आणलेली भाकरी घेऊन उभे होते, आणि रस्त्याने येणाऱ्यांत त्यांच्यापैकी एकही नव्हता.